घरजावयाचा जामीन

पोलिसांनी मायामिकोला सरोवराच्या काठावरून उचललं तेव्हा त्याचा बाप वायसन वीटभट्टी रचत होता. निरोप घेऊन आलेली बाई लांबूनच ओरडली, "अहो मायामिकोचे बाबा, तुमच्या पोरानं बिझेकीचं डोकं फोडलं!"

वायसनने हातातली वीट ठेवली. ती तिरकी बसली म्हणून पुन्हा सरळ करून ठेवली आणि मग तो निघाला. त्याची बायको दोरीका थंडीच्या दिवसांत गेली होती. तेव्हापासून कुठलीही बातमी आली तरी त्याला घाई व्हायची नाही. सगळ्यात वाईट बातमी येऊन गेली आहे, असं त्याला वाटायचं.

भांडण जाळ्यावरून झालं होतं. मायामिकोने वाळूवर वाळत घातलेलं जाळं बिझेकीने वल्ह्याने ओढलं, ते फाटलं. मायामिकोने तेच वल्हं हिसकावून त्याच्या डोक्यात घातलं. बिझेकी पडला तो उठलाच नाही. त्याला दवाखान्यात नेलं आणि मायामिकोला जवळच्या म्बालामे शहरातल्या पोलीस ठाण्यात.

"बिझेकी शुद्धीवर आलाय," हवालदार म्हणाला. "जगेल बहुतेक. पोराला कोर्टापुढं उभं करू, तिथून तो तुरुंगात जाईल. वकील असला तर जामिनाचं बघा."

"वकील कुठं मिळतो?"

हवालदार हसला. "बाबा, मासे कुठं मिळतात ते विचारा. या गावात मला वकील मिळाला असता तर बायकोनं माझी सायकल नेली नसती."

मायामिको कोठडीत भिंतीला टेकून बसला होता. बापाला बघून तो उभा राहिला नाही. जागाच नव्हती, मधे माणसं होती. "बाबा, घरी जायचंय," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वायसन कोर्टाबाहेरच्या झाडाखाली जाऊन बसला. तिथे टाय लावलेला एक माणूस काखेत फाइल घेऊन फिरत होता. तो आपणहून जवळ आला. "जामीन ना? होऊन जाईल. मी वकीलच समजा. आजच आत बोलतो."

वायसन उठून त्याच्या मागे जायला लागला, तेव्हा भाजलेले कसाव्याचे कंद विकणारी एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "अहो पाहुणे, हा माणूस कोर्टात फक्त संडासापर्यंत जातो हो!"

बसलेले सगळे हसले. टायवाला म्हणाला, "आजी, तुझी जीभ एक दिवस त्या शेगडीत पडेल."

"पडू दे. तीही विकीन मी." मग ती वायसनकडे वळली. "खरी वकील बुधवारी येते. मिनीबसनं. ठेंगणी बाई आहे, चपला झिजलेल्या. सरकार तिला पगार देतं, गरिबांकडून ती काही घेत नाही. तिच्यामागं रांग लागते, लवकर ये."

बुधवारी वायसन पहाटेच्या आधी निघाला, तरी त्याच्यापुढे लोक होतेच. म्हांगो मॅडम खरंच ठेंगण्या होत्या. कोर्टाच्या मागच्या व्हरांड्यात त्यांना एक टेबल दिलं होतं. वायसनची पाळी आली तेव्हा त्या केळं खात होत्या. खाता खाताच त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"जामिनाला काय द्यावं लागेल?" वायसनने विचारलं. ठाण्यापासून इथपर्यंत ज्याने त्याने त्याला हेच सांगितलं होतं, की जामीन विकत घ्यावा लागतो.

"विकत मिळत नाही तो. जामीन म्हणजे तुमचा मुलगा सुटला असं नाही. खटला चालूच राहील. कोर्ट म्हणतं, तोपर्यंत याला बाहेर ठेवतो, पण बोलावलं की हा यायला पाहिजे. आणि हा येईल असं सांगणारी माणसं हवीत. तो पळाला तर कोर्ट त्या माणसांना धरेल."

वायसन नुसता मान हलवत राहिला. त्याला समजलं नाही हे मॅडमच्या लक्षात आलं.

"तुम्ही चेवा जमातीचे ना? तुमच्यात लग्नात दोन्हीकडून एकेक मध्यस्थ उभा राहतो. नवरा-बायकोचं बिनसलं तर आधी त्याला बोलावतात. माझं माणूस आहे, मी जबाबदार, असं तो सांगतो. बरोबर?"

"बरोबर."

"जामीनदार म्हणजे तेच. दोन हवेत. एक तुम्ही. तुमचं इथं घर आहे?"

"आहे. मीच बांधलंय. विटाही माझ्या."

"छान. पोरगा तुमच्याबरोबरच राहतो?"

"हो."

"मग दुसरा कुणीतरी वजनदार नातेवाईक बघा. आणि गावप्रमुखांना कोर्टात घेऊन या. हे आमच्याच गावचे आहेत, असं त्यांनी तोंडानं सांगितलं पाहिजे. पुढच्या बुधवारी अर्ज लावते."

वायसनला आता सगळं स्वच्छ कळलं. लग्नातला मध्यस्थ म्हणजे मामा. मुलं आईच्या कुळाची, त्यांच्यासाठी उभा राहतो तो आईचा भाऊ. बाप काय, बाप बाहेरून आलेला. वायसन स्वतः डेड्झाच्या डोंगरातून खाली आला होता, दोरीकाच्या गावात घरजावई म्हणून. सगळेच पुरुष असे येतात, त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. दुसरा माणूस कोण, हे त्याला शोधावंही लागलं नाही. परतीच्या वाटेवर तो थेट गेरशोमच्या अंगणात गेला.

गेरशोम दोरीकाचा थोरला भाऊ, कुळाचा कर्ता म्हणून आपल्याच गावात राहिलेला. लठ्ठ, सावकाश बोलणारा माणूस. सगळं ऐकून तो म्हणाला, "दाजी, भाचा माझा आहे. मी नाही उभा राहणार तर कोण राहील?"

"तेच म्हटलं मी, मेव्हणे."

"पण एक गोष्ट अडते." गेरशोमने बसायची चटई थोडी पुढे ओढली. "दोरीकाचं सुतक अजून तुमच्या डोक्यावर आहे. तुमची हजामत झाली नाही, तुम्हाला मोकळं केलं नाही. बहिणीचं काम अर्धवट ठेवून मी तिच्या नवऱ्याबरोबर कोर्टात उभा राहिलो तर माझ्या मावश्या मला अंगणात पाय ठेवू देणार नाहीत. मेलेल्या बाईचा नवरा आणि तिचा भाऊ, दोघांच्या मधे ती उभी असते. ते आधी उरकू. मग मी मोकळा, तुम्ही मोकळे. मग जाऊ की कोर्टात."

वायसनने ते काम तीन महिने टाळलं होतं. गेरशोमने दोनदा विचारलं होतं, दोन्ही वेळा त्याने भट्टीचं कारण दिलं होतं. केस वाढले होते, दाढी वाढली होती. चटईवर तो अजूनही आपल्याच बाजूला झोपायचा. पण पोरगा आत होता.

"उरकून टाका," तो म्हणाला.

डोंगरातून त्याची बहीण नेलिया आली. बटाट्यांचं पोतं घेऊन ट्रकच्या मागे बसून आली, कारण मोकळ्या केलेल्या माणसाला नेण्यासाठी त्याच्या कुळातलं कुणीतरी यावं लागतं. शनिवारी सकाळी वायसनला दाराबाहेर चटईवर बसवलं. दोरीकाच्या मावशीने त्याचं डोकं भादरलं. पाती बोथट होती. केस मांडीवर पडत होते, त्यात पांढरे निघाले. "अगं बाई, म्हातारा झालास की रे तू!" मावशी म्हणाली. "आमच्याकडं आलास तेव्हा काय काळा कुळकुळीत होतास. डोंगरातलं बटाट्याचं पोतं म्हणायची तुला दोरीका."

बायका हसल्या. वायसनही हसला, कारण ते खरं होतं.

मग गेरशोमने सगळ्यांसमोर विचारलं, "आमच्या बहिणीकडं तुमचं काही राहिलंय?"

असं विचारतात आणि नाही म्हणायचं असतं. वायसनने मांडीवरचे केस झटकले. मावशीने त्याच्या भादरलेल्या डोक्यावर हात ठेवला.

"काही राहिलं नाही," तो म्हणाला.

कोंबडा कापला, बिअरचं मडकं फिरलं. गावप्रमुख काम्बवे येऊन बसले होते. त्यांनी सगळ्यांना सांगितलं, की हा माणूस आपल्यात चांगला राहिला, कुणाचं वाकडं केलं नाही, आपण त्याला चांगल्या मनाने पाठवत आहोत. नेलियाने सगळ्यांसमोर भावाचा हात धरला. बायको गेली की घर तिच्या कुळाचं; ते आता गेरशोमच्या दुसऱ्या बहिणीच्या मुलीला मिळणार होतं, तिचं लग्न ठरलं होतं. वायसनचं बोचकं नेलियाने बांधलं.

"चल आता," ती म्हणाली. "किती दिवस इथली धूळ खाणार?"

"पोरगा सुटला की येतो. तू हो पुढं."

"तुला मोकळं केलंय रे. मोकळा झालेला माणूस रेंगाळला तर लोक हसतात."

"हसू देत."

ती एकटी गेली. तोवर झोपायला म्हणून गेरशोमने त्याला आपल्या कोठाराशेजारची झोपडी दिली.

बुधवारी म्हांगो मॅडमनी वायसनला बघितलं आणि त्या म्हणाल्या, "वा, हजामत करून आलात! असंच पाहिजे. कोर्टात माणूस नीटनेटका दिसला पाहिजे." वायसनने मान हलवली. केस का काढले, हे तो त्यांना काय सांगणार? वकील कोर्टाची, केस घरचे. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध असेल असं त्याच्या डोक्यातच आलं नाही. गेरशोमच्याही आलं नाही.

मायामिकोला आणलं. तो वाळला होता आणि त्याच्या मानेवर खरूज उठली होती. मॅजिस्ट्रेट तरुण होता, त्याला सर्दी झाली होती. म्हांगो मॅडम चांगलं बोलल्या. बिझेकी बरा होतोय, पोराचा हा पहिलाच गुन्हा, बाप इथंच राहतो, मामा इथंच राहतो, गावप्रमुख स्वतः आले आहेत.

मॅजिस्ट्रेटने गावप्रमुखांना पुढे बोलावलं. काम्बवे कोट घालून आले होते. कोर्टाने आपल्याला विचारावं याचा त्यांना आनंद झाला होता.

"या वायसनना ओळखता?"

"ओळखतो म्हणजे? माणूस सोन्यासारखा. आमच्या गावातली निम्मी घरं यानं बांधलीत."

"ते तुमच्या गावात राहतात?"

"राहत होते, साहेब. शनिवारी त्यांना आम्ही रीतसर मोकळं केलं. काही तक्रार ठेवली नाही. कोंबडा कापला. त्यांची माणसं डोंगरातून न्यायलाही आली होती."

म्हांगो मॅडमनी वळून वायसनकडे बघितलं. त्यांची नजर त्याच्या डोक्यावर गेली. त्यांनी डोळे मिटून घेतले.

पोलिसांच्या बाजूने बोलणारा अधिकारी उठला. त्याला फार काही करावं लागलं नाही. "साहेब, म्हणजे हा जामीनदार जिल्हा सोडून चाललाय. आरोपी राहतो कुणाकडं? बापाकडं. आणि बापाला घर नाही."

"मामा कुठे आहेत?" मॅजिस्ट्रेटने विचारलं. गेरशोम पुढे आला. "भाचा तुमच्या घरी राहील?"

गेरशोमने खोटं बोलायचं ठरवलं असतं तर तेवढ्यात भागलं असतं. पण तो विचार करून बोलणारा माणूस. "साहेब, माझ्या घरात माझ्या मुली आहेत. मोठा पोरगा तिथं झोपत नाही. तो बापाकडंच झोपतो. बाप आता कोठाराशेजारी आहे."

"कोठारात?"

मागून कुणीतरी हसलं. मॅजिस्ट्रेटने नाक शिंकरलं आणि सांगितलं, की आरोपीला या कोर्टाच्या हद्दीत राहण्याचं ठिकाण नाही, जामीनदाराला नाही, सबब अर्ज नामंजूर.

मायामिकोला काय झालं ते कळलं नाही. पोलीस त्याला परत न्यायला लागला तेव्हा तो बापाकडे बघून विचारायला लागला, "झालं का? बाबा, झालं का?"

व्हरांड्यात म्हांगो मॅडम वायसनवर ओरडल्या. "शनिवारी! चार दिवस थांबला असता! मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही म्हणालात लग्नातल्यासारखं," वायसन म्हणाला. "म्हणून मामाकडं गेलो. मामा म्हणाला आधी हे."

मॅडम खुर्चीवर बसल्या आणि कपाळ चोळत राहिल्या. "चूक माझीही आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "परिस्थिती बदलली तर परत अर्ज करता येतो. तुम्हाला इथं घर हवं. म्बालामेत खोली घेऊ नका, महिन्याच्या भाड्याच्या खोलीला हा मॅजिस्ट्रेट विचारणार नाही. गावात हवं. गावप्रमुखांनी आमचा माणूस म्हणायला हवं."

वायसन त्याच संध्याकाळी काम्बवेंच्या दारात गेला. काम्बवेंनी कोट काढला होता. त्यांना वाईट वाटत होतं. खरं बोलल्याबद्दल वाईट का वाटावं हे त्यांना समजत नव्हतं, म्हणून ते चिडलेही होते.

"मला एक तुकडा द्या. कुठंही. उकिरड्याजवळ द्या. मी विटा पाडीन."

"वायसन, जमीन बायकांची. मी काय देणार? बायकोशिवाय पुरुष म्हणजे पाहुणा. तुला माहीत नाही होय रे?"

माहीत होतं. त्याने आयुष्यभर दुसऱ्या पुरुषांना हेच सांगितलं होतं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. वायसन एक दिवसाआड तुरुंगात जेवण घेऊन जायचा. आत माणसं इतकी होती, की रात्री कुशीवर ओळीने झोपायचे आणि एकाने कूस बदलली की सगळ्यांनी बदलायची. मायामिकोला ताप आला. खरूज हातांवर उतरली. जाळीतून बाप जे सांगायचा त्याला तो हो म्हणायचा. मग तो काही विचारेनासा झाला, घरी जायचंय असंही म्हणेना. वायसनला याची जास्त भीती वाटली. दोरीकानेही शेवटी पाणी मागणं सोडलं होतं.

एका सकाळी गेरशोम कोठाराशी आला. तो म्हणाला, "दाजी, कोर्टाला हजामतीचं वावडं असेल हे मला काय माहीत."

"तुम्हाला कसं माहीत असणार?"

"एनिफा आहे," गेरशोम म्हणाला. "आमच्या मावशीची. दोरीकाची बहीणच लागते. तीन वर्षं एकटी आहे. घर आहे, छप्पर गळतं. तुम्ही तिच्या घरी गेलात तर काम्बवे कोर्टात बोलू शकतो. मी तिला विचारलंय."

वायसन कोठाराच्या काठ्यांकडे बघत राहिला. उंदरांनी एक काठी पोखरली होती.

"दोरीकाला जाऊन किती दिवस झाले, मेव्हणे?"

"बहीण माझी होती ना, आणि मीच सांगतोय," गेरशोम म्हणाला.

एनिफा शाळेच्या वळणावर गुलगुले तळून विकायची. वायसन गेला तेव्हा ती कढईशी बसली होती. तिने वर बघितलं नाही.

"बसा. तेल उडतंय, लांब बसा. गेरशोमदादानं सांगितलं सगळं. तुम्हाला बायको नकोय, पत्ता हवाय."

वायसनने मान डोलावली.

"बरं झालं खोटं बोलला नाहीत. मलाही नवरा नकोय. एक होता, पुरे झाला. पण पावसाळ्यात माझ्या चटईवर पाणी येतं." तिने गुलगुले उलटले. "हापशीवर मला काय ऐकावं लागेल माहितीये? बहिणीच्या थडग्यावरची माती वाळायच्या आधी तिचा नवरा घेतला. तुम्हाला कोण काही म्हणणार नाही. पुरुषाला म्हणतात, बिचारा."

"नको असेल तर राहू दे," वायसन म्हणाला.

"मी नको म्हटलं का? ते पोरगं लहान असताना माझ्या पाठीवर होतं, दोरीका आजारी पडली तेव्हा. तुम्ही तेव्हा भट्टीवर होता." तिने एक गुलगुला कागदावर काढून त्याच्यापुढे सरकवला. "खा. फुकट नाही, छपरात धरीन."

लग्न म्हणून काही झालं नाही. गेरशोम इकडून उभा राहिला. तिकडून वायसनचं कुणी नव्हतं, नेलियाने निरोप पाठवला, की मी एकदा हात धरून न्यायला आले होते, दुसऱ्यांदा हसं करून घ्यायला येणार नाही. म्हणून गावातल्या एका म्हाताऱ्याला उभं केलं. वायसनने बोचकं उचललं आणि तो एनिफाच्या घरी गेला. तिचं घर त्याच्या जुन्या घराच्याच अंगणाला लागून होतं. दारात बसलं की समोर त्याने बांधलेलं घर दिसायचं. गेरशोमच्या भाचीने भिंतीला नवा मातीचा हात दिला होता. दोरीकाने खालच्या पट्टीला काळा रंग दिला होता, तो बुजला होता.

आठवडाभर त्याने छप्पर शाकारलं. एनिफा खालून गवताच्या पेंढ्या फेकायची आणि म्हणायची, "तिकडं राहिलं. तिकडं. दिसत नाही का हो?" रात्री ती आत झोपायची आणि तो दाराशी.

मुलाला त्याने यातलं काही सांगितलं नव्हतं. जाळीच्या पलीकडे कधीच एकटा माणूस नसायचा. आणि असता तरी सांगितलं नसतं.

दुसऱ्या अर्जाच्या दिवशी म्हांगो मॅडमनी वायसनला बजावलं, "विचारतील तेवढंच बोला. खरं बोला." त्याच मॅजिस्ट्रेटपुढे तो उभा राहिला.

"राहणार कुठे?"

"एनिफाच्या घरी. काम्बवेंच्या गावात."

"या एनिफा तुमच्या कोण?"

वायसनला ठाऊक होतं हे विचारणार. त्याने ते वाटेत मनात म्हणूनही बघितलं होतं. मायामिको आरोपीच्या पिंजऱ्यात, त्याच्यापासून दोन हातांच्या अंतरावर होता.

"बायको," वायसन म्हणाला.

मायामिकोने मान वळवून बापाकडे बघितलं. वायसन समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. काम्बवेंनी उठून सांगितलं, की होय, हा आमचा माणूस आहे. पोलिसांचा अधिकारी म्हणाला, की हे लग्न जामिनासाठीच केलेलं दिसतंय. मॅजिस्ट्रेट म्हणाला, "लोक याहून वाईट कारणांसाठी लग्नं करतात," आणि कोर्टात हसू उठलं. मग त्याने जामीन दिला. आरोपीने खटला संपेपर्यंत बापाच्या राहत्या घरीच रात्र काढायची, दर शुक्रवारी ठाण्यात हजेरी द्यायची. यातलं काही मोडलं तर आरोपी परत आत आणि जामीनदाराला जाब द्यावा लागेल.

म्हांगो मॅडमनी वायसनचा हात हातात घेतला. "झालं बघा," त्या म्हणाल्या. त्यांच्यामागे पुढच्या माणसांची रांग होती.

मिनीबसमध्ये बापलेक शेजारी बसले. मायामिको खिडकीबाहेर बघत होता. उतरून गावात आल्यावर त्याची पावलं आपोआप जुन्या घराकडे वळली. दाराशी गेरशोमच्या भाचीचा नवरा पाय धूत होता. त्याने हात वर करून हसून ओळख दिली. मायामिको उभा राहिला, भिंतीकडे खालपर्यंत बघितलं, आणि मग अंगणातल्या आंब्याखाली जाऊन बसला.

एनिफाने दारातून मक्याच्या पिठाची घट्ट न्सिमा आणि सुकी मासळी आणून ठेवली. हात धुवायला पाणी ओतलं. "खा रे पोरा. काय हाल झालेत." त्याने हात धुतले, पण तो ताटाकडे वळला नाही.

"चल आत," वायसन म्हणाला. "थोड्या वेळानं अंधार पडेल."

"मी नाही तिथं झोपणार."

"कोर्टानं सांगितलंय. ऐकलंस ना तू?"

"ऐकलं."

"नाहीतर परत नेतील. मलाही नेतील."

मायामिको खरजेच्या पुटकुळ्या खाजवत राहिला. मग म्हणाला, "तुरुंगात डोळे मिटले की मी आपल्या जुन्या घरात असायचो, बाबा. आई चुलीपाशी असायची. ती मेलीये हे माहीत असायचं, तरी असायची. आता मी कुठं जाऊ?"

 वायसन स्वतः रोज रात्री दाराशी आडवा पडून हेच करायचा, आणि अलीकडे त्याला ते जमत नव्हतं. तुझ्यासाठी केलं, असं तो म्हणू शकला असता. पण ते पोराच्या डोक्यावर ठेवण्यासारखं ओझं नव्हतं.

म्हणून त्याने गुडघे टेकले. मुलं बापापुढे टेकतात तसे, दोन्ही हात पुढे जोडून, मातीत. आजवर त्याच्या गावात कुठल्या बापाने असं केलं नव्हतं.

"बाबा," मायामिको म्हणाला. "बाबा, उठा. लोक बघतायत."

वायसन उठला नाही. 

मायामिकोला ते बघवेना. तो झटक्यात उठला, तोंड फिरवून एनिफाच्या दाराकडे गेला, वाकला आणि आत शिरला. 

समोरच्या घरात कुणीतरी चूल पेटवली. एनिफा ताट उचलायला आली आणि तिथेच उभी राहिली. "उठा आता," ती हळू आवाजात म्हणाली. "गेला तो आत."

"हो," वायसन म्हणाला, पण त्याला उठता आलं नाही. तिने ताट परत खाली ठेवलं, त्याला काखेत हात घालून उभं केलं, आणि तो तिच्या मागोमाग, कोर्टाने सांगितलेल्या घराकडे चालू लागला.